वही कुणाच्या कपाटात?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेत अजूनही वहीपूजन होते. हिशेब आता यंत्रावर ठेवतात. तरी लाल कापडाची एक वही पाटावर येते, तिच्यावर स्वस्तिक निघते, हळदकुंकू वाहिले जाते. आमचे वाणीशेट एकदा मला म्हणाले, "मास्तर, लोकांना वाटतं दुकान गल्ल्यावर चालतं. दुकान वहीवर चालतं." शेटजींनी हे माझ्या तेलातुपाच्या उधारीवरून काढले होते. मी ते आज राजकारणाला लावणार आहे. सणासुदीला राजकारण काढल्याबद्दल गृहिणीवर्गाने क्षमा करावी. पण फराळाच्या ताटाभोवती चार माणसे जमली की दुसरे काय निघते, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

निमित्त असे झाले. गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शिकलेला, नोकरी सोडून गावी परतलेला, बोलण्यात पाणी असलेला. म्हणाला, "सर, मी पक्षात शिरणार. एकदा पद मिळालं की आतून सगळा पक्ष बदलून टाकतो." मी म्हटले, "बाळ, पद मिळेलही. पण वही कुणाच्या कपाटात आहे, ते पाहिलंस का?" त्याला वाटले, मास्तर वयाबरोबर भ्याले. त्याला तेव्हा जे नीट सांगता आले नाही, ते इथे सांगतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बाहेरच्या माणसाने एखाद्या मुरलेल्या पक्षाची खुर्ची जिंकली म्हणजे पक्ष जिंकला, ही समजूत भाबडी आहे. पक्ष असतो सभासदांच्या वहीत. ती कोण लिहितो, कुणाचे नाव चढवतो, कुणाचे गाळतो, यात असतो.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्या. १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. नागपुरात टिळकपक्षाचा जोर, म्हणून ते सुरतेला नेले. सुरत पडली मुंबई इलाख्यात. आणि ज्या प्रांतात अधिवेशन त्या प्रांतातला अध्यक्ष करायचा नाही असा प्रघात. म्हणजे टिळकांचे नाव मांडवात शिरण्याआधीच मागे पडले! पुढे सुरतेला जोडा फेकला गेला, तो शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. जोडा सर्वांच्या लक्षात राहिला, १९०८ ची घटना कुणाच्याच राहिली नाही. त्या घटनेने ठरवले की काँग्रेसचे ध्येय लेखी मान्य करील त्यालाच प्रवेश, आणि प्रतिनिधी निवडायचे ते मान्यता दिलेल्या संस्थांनीच. त्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. १९१४ साली सुटून आले, तरी दाराला कडी तशीच. १९१५ साली मुंबईत नियम सैल झाला, तेव्हा कुठे १९१६ साली लखनौला ते आत आले. टिळकांना जे कलम आठ वर्षे बाहेर ठेवू शकते, ते तुमच्याआमच्यासाठी किती पुरेल?

आता त्रिपुरी. २९ जानेवारी १९३९ रोजी सुभाषबाबू दुसऱ्यांदा अध्यक्ष निवडून आले. १५८० मते त्यांना पडली आणि पट्टाभि सीतारामय्या दोनशेहून अधिक मतांनी पडले. गांधीजींनी हा पराभव पट्टाभींपेक्षा आपलाच अधिक आहे, असे जाहीर केले. त्याच निवेदनात काँग्रेसच्या वह्यांत खोटे सभासद फार झाल्याची तक्रारही त्यांनी केली. लक्षात घ्या, तिथेही वहीच! पुढच्या महिन्यात कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षांच्या अंगात सपाटून ताप. मंडपात पंतांचा ठराव मंजूर झाला की अध्यक्षांनी कार्यकारिणी नेमावी ती गांधीजींच्या इच्छेनुसार. म्हणजे खुर्ची तुमची, पण तुमच्या शेजारी कोण बसेल ते ठरवणार दुसरा. आणि तो दुसरा १९३४ सालीच काँग्रेसचे सभासदत्व सोडून बसलेला! २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. मे महिन्यात त्यांनी फॉरवर्ड ब्लॉक काढला आणि ऑगस्टमध्ये त्यांना तीन वर्षे पदे धरण्यास बंदी झाली. जानेवारीत जिंकलेला माणूस पोळ्याच्या सुमारास पक्षात नावापुरता उरला.

इथे कुणी रागावून म्हणेल, "मास्तर, तुम्ही गांधीजींवर ठपका ठेवता." नाही. उलट माझा सर्वांत मोठा पुरावा गांधीजीच आहेत. बाहेरच्या माणसाने मुरलेला पक्ष पार बदलून टाकल्याचे उदाहरण मागाल, तर मी त्यांचेच देईन. १९१५ साली आफ्रिकेतून आलेला हा गृहस्थ काँग्रेसच्या जुन्या पुढाऱ्यांना परकाच होता. त्याने खुर्ची मागितली नाही. १९१७ साली तो चंपारणात नीळवाल्यांच्या कुळांकडे गेला, १९१८ साली खेड्याच्या शेतकऱ्यांकडे आणि अहमदाबादच्या गिरणीकामगारांकडे गेला. मग डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला त्याने काँग्रेसची घटनाच नवी करून घेतली. चार आणे वर्गणी, भाषेवर बेतलेल्या प्रांतिक समित्या, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी, वर्षभर काम पाहणारी पंधरा जणांची कार्यकारिणी. चार आणेवाला शेतकरी आणि विणकर त्या वहीत आला आणि नाताळच्या सुट्टीत भाषणे करणारी वकिलांची सभा हां हां म्हणता गावोगावची संघटना झाली. हा माणूस अध्यक्ष झाला तो बेळगावला, १९२४ साली, आणि तोही एकदाच. आधी वही, मग खुर्ची. सुभाषबाबूंच्या वाट्याला क्रम उलटा आला, आणि १९२० साली बांधलेल्या भिंतीवरच १९३९ साली त्यांचे डोके आपटले.

अलीकडचे पाहायचे? १९९७ साली सीताराम केसरींविरुद्ध शरद पवार उभे राहिले. पवार पूर्वी पक्षाबाहेर जाऊन १९८६ साली परत आलेले. केसरींना ६२२४ मते, पवारांना ८८२. दोनच वर्षांत त्यांनी वेगळी चूल मांडली. २०२२ साली शशी थरूर खर्ग्यांविरुद्ध उभे राहिले, तेव्हा मतदारांची यादी दाखवा एवढे सांगायला थरूरांसह पाच खासदारांना आधी पत्र लिहावे लागले. थरूरांना १०७२ मते पडली, खर्ग्यांना ७८९७. यावरून काँग्रेसलाच हसू नका. तिथे निदान मते मोजली गेली. इतर बहुतेक पक्षांत अध्यक्ष बिनविरोध उगवतो आणि आपण पेढे खातो.

विद्यार्थी हुशार; तो म्हणाला, "सर, अमेरिकेत ट्रम्पनी २०१६ साली बाहेरून येऊन पक्ष घेतलाच ना?" घेतला खरा. पण का? तिथे पक्षाचा उमेदवार बहुतेक राज्यांत सामान्य मतदार मतपेटीतून निवडतात, आणि मतदारांची नोंद सरकारदरबारी असते, पक्षाच्या चिटणिसाच्या कपाटात नव्हे. वही उघड्यावर होती म्हणून बाहेरचा आत शिरला. त्या दारातून साधू येईल की आणखी कुणी, याची हमी दार देत नाही. पण दार कुठे आहे ते यावरून कळते.

हे मी नुसते पुस्तकातून सांगत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण एक परीक्षा मी नापास होऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी बदली होऊन एका गावी गेलो. तिथल्या वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून लोकांनी मला, परगावच्या माणसाला, निवडून दिले. हार पडले, पेपरात फोटो आला. मला एवढेच करायचे होते की रविवारी मुलांसाठी वाचनालय उघडे ठेवायचे. चिटणीस हसून म्हणाले, "अवश्य, पुढच्या सभेत ठराव घेऊ." पुढच्या सभेला आले ते सगळे त्यांचेच. मी भरून घेतलेले चाळीस पोरांचे अर्ज "छाननीत" होते. ते वर्षभर छाननीतच राहिले. सभासदांची वही चिटणिसांच्या घरी, किल्ली त्यांच्या जानव्याला. माझी मुदत संपली. रविवारी ती पोरे कुलपाशी येऊन परत जात, ते मी खिडकीतून पाहत असे. पराभवाचे मला काही वाटले नाही. त्या परत जाणाऱ्या पोरांचे अजून वाटते.

म्हणून मी त्याला सांगतो: बाळ, भिऊ नकोस, आणि मागेही फिरू नकोस. बाहेरच्याने उभेच राहू नये असे मी म्हणत नाही. पण अर्ज भरण्याआधी पाच वर्षे वस्त्यावस्त्यांतून हिंड. लोकांची कामे कर, मग त्यांची नावे लिही, वर्गणीची पावती त्यांच्या हातात दे. खोटे नाव एकही लिहू नकोस. खोट्या नावांची वही ज्याच्या हाती जाईल त्याची होते. आणि पद मिळालेच, तर पहिल्या दिवशी हार स्वीकारण्याआधी म्हण, "वही चावडीवर आणा, सर्वांना वाचू द्या." ती आली तर पक्ष बदलेल. नाही आली, तर तू बदलशील. पाच वर्षांनी तूच कुणाला तरी हसून "पुढच्या सभेत ठराव घेऊ" म्हणशील. मला खरी भीती त्याची आहे.

वाचकहो, तुमच्या घरातही असा एखादा तरुण असेल. पाडव्याला ओवाळताना त्याला खुर्चीचा आशीर्वाद देऊ नका. त्याच्या पाटासमोर एक कोरी वही ठेवा, आणि पहिले नाव आपले लिहा.