शोभेचे अक्षर आणि व्यवहाराचे अक्षर

पेढीची पाटी, पत्राचा मथळा आणि लग्नाची कुंकुमपत्रिका या तिहींवरून व्यापाऱ्याच्या घराण्याची पहिली ओळख होते. अलीकडे या तिन्ही ठिकाणी वेलीप्रमाणे वळसे घेणाऱ्या टंकांचा हव्यास वाढला आहे. संगणकामुळे असे शेकडो टंक छापखान्यात क्षणात उपलब्ध होतात. सौंदर्यास आमचा विरोध नाही. परंतु ते कोठे योजावे याचा विवेक सुटत चालला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वळणदार अक्षर आपणांस परके नाही. लहियांनी बोरूने लिहिलेल्या कल्पसूत्राच्या पोथ्या पाहाव्यात. बोरूचा कत तिरपा असल्यामुळे रेषा कोठे जाड, कोठे बारीक होते व त्यातच अक्षराची शोभा प्रकटते. तरीही पर्युषणात मोठ्याने वाचावयाची ती पोथी असल्याने प्रत्येक अक्षर सुटे व ठसठशीत आहे. जावजी दादाजी यांनी १८६४ साली मुंबईत टाइपांचा कारखाना काढला व १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील खिळ्यांतही बोरूचे हेच वळण उतरले. पुढे आगमोदय समितीचे अनेक आगमग्रंथ तेथेच पोथीच्या आकारात छापले गेले.

याउलट दुसरा वारसाही आपलाच आहे. काना-मात्रा गाळून लिहिल्या जाणाऱ्या महाजनी लिपीची कथा घरोघर ठाऊक आहे. ‘काकाजी अजमेर गये’ हा निरोप ‘काकाजी आज मर गये’ असा वाचला गेला आणि घरात आकांत उसळला! तेथे घाईने घात केला. आज तोच घात नटवेपणा करीत आहे. इंग्रजी तिरप्या अक्षराचा कल देवनागरीवर लादला की शिरोरेषा मोडते, अनुस्वार वेलबुट्टीत हरवतो. आमच्या पाहण्यातील एका पत्रिकेत ९ चा मुहूर्त १ चा समजून गोंदियाची वडीलधारी मंडळी अक्षता पडून गेल्यावर बालाघाटास पोहोचली. त्यांच्या मनास जे लागले, त्याची भरपाई कोणता छापखाना करणार?

बालाघाटची पत्रिका गोंदिया-नागपूरकडे मराठी वाचकांच्या, तर सिवनी-जबलपूरकडे हिंदी वाचकांच्या हाती पडते. लिपी दोघांची एकच असल्याने स्पष्ट अक्षर दोघांसही सारखेच उपकारक होते. म्हणून आमची सूचना अशी की, ‘शुभ लाभ’, ‘निमंत्रण’ अथवा पेढीचे नाव एवढ्यापुरतेच शोभेचे अक्षर घ्यावे. तिथी, वेळ, स्थळ, भाव आणि अटी मात्र साध्या, ठळक टंकातच असाव्यात. छपाईस संमती देण्यापूर्वी नमुना घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून वाचवून घ्यावा. यापरती दुसरी कसोटी नाही.

ज्ञानपंचमीस आपण पोथीचे पूजन करतो. जे अक्षर वाचताच येत नाही, ते कितीही नटलेले असले तरी त्यात ज्ञानाची आशातनाच घडते. व्यापाऱ्याची खरी शोभा त्याच्या स्वच्छ व्यवहारात आहे. त्याचे अक्षरही तसेच स्वच्छ असावे. सुज्ञांस अधिक काय सांगावे?