गॅरेजमधली ऊब
निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा एक आकडी झाला, की वणीसारख्या गावातल्या गॅरेजात शटर अर्धे ओढून शेगडी पेटते. धोका इथेच आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

विजेचा हीटर बरा, पण कोणता? पंख्याच्या हीटरने तापलेली हवा शटरमधून निघून जाते. लाल तारेचा हीटर थेट अंगाला ऊब देतो. मात्र तो ठेवला जातो नेमका पायाशी, आणि हवेपेक्षा जड असलेली पेट्रोलची वाफ साचते तीही जमिनीलगतच. त्यापेक्षा तेलाचा रेडिएटर घ्यावा. तो सावकाश तापतो, पण त्याची तार उघडी नसते. तरीही पेट्रोलचे काम बाहेर, उघड्यावरच करावे. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो. त्याला अर्थिंगचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नव्हे.