टाकून द्यायला चालतात, मग संशोधनाला का नकोत?

भ्रूणापासून मूलपेशी काढणे म्हणजे भ्रूणहत्या आणि ती करणाऱ्यांना तुरुंगात घालणारा कायदा झालाच पाहिजे, असे आमच्या पेणमध्ये एका व्याख्याते महोदयांनी नुकतेच ठणकावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बीजधारणा झाली त्याच क्षणी जीव आला, तेव्हा पाच दिवसांचा भ्रूण हा माणूसच. त्याच्या पेशी काढणे हा पाश्चात्त्यांचा निर्दय उद्योग. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशींवर भागत असताना भ्रूणाला हात लावायचाच कशाला? आणि आज भ्रूण, तर उद्या अर्भक! टाळ्या भरपूर पडल्या. रामवाडीच्या एसटी स्थानकात शिकलेसवरले लोकही हीच वाक्ये एकमेकांना ऐकवू लागले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. ‘पाश्चात्त्यांचा उद्योग’ हे साफ खोटे. २००१ साली अमेरिकेने सरकारी पैशातून संशोधनासाठी ज्या भ्रूणीय सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी) मान्य केल्या, त्यांच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या तीन होत्या. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या स्वतःच्या सेल लाइन तयार केल्या. ‘स्वतःच्या पेशींवर भागते’ हे काही रक्तविकारांपुरते खरे. कंपवातात मेंदूच्या मेलेल्या पेशींची जागा रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी घेत नाहीत. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ साली उंदराच्या प्रौढ पेशी भ्रूणीय पेशींसारख्या करून दाखवल्या हे खरे, पण ‘सारख्या’ झाल्या की नाही हे ताडायला शेवटी भ्रूणीय पेशीच समोर ठेवावी लागते. आणि ‘उद्या अर्भक’? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदा दिवसांपुढे प्रयोगशाळेत भ्रूण वाढवताच येत नाही.

आता खरा प्रश्न. हे भ्रूण येतात कुठून? महोदयांच्या तासाभराच्या भाषणात याचा उल्लेखही नव्हता. संशोधक ते कोणाच्या पोटातून ओरबाडून आणत नाहीत. ते येतात आयव्हीएफ केंद्रांतून. मूल होत नाही म्हणून पेण-रोह्याचे जोडपे पनवेल-मुंबईच्या खेपा घालते. इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे वाढवतात, त्यांतून काही भ्रूण तयार होतात, एक किंवा दोन गर्भाशयात सोडतात. बाकीचे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. पहिल्या खेपेला मूल झाले की घरात पेढे वाटले जातात. मग उरलेल्यांच्या साठवणुकीचे पैसे भरा, असा निरोप केंद्रातून येतो. मूल पदरात असते, पैशांची ओढाताण असते, आणि जोडप्याला ठरवावे लागते: या भ्रूणांचे काय करायचे?

कायदा यावर गप्प नाही. २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याचे कलम २८ सांगते की भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवावा. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यावा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यावा. पुढची कलमे संशोधनासाठी भ्रूण परदेशी धाडायला मनाई करतात. म्हणजे उरलेल्या भ्रूणापुढे वाटा दोनच. एका वाटेने तो काही न देता संपतो. दुसऱ्या वाटेने तो संपतो, पण त्याच्या पेशी मागे राहतात आणि कोणाच्या तरी उपचाराच्या कामी येऊ शकतात. महोदयांचा सगळा संताप दुसऱ्या वाटेवर! पहिल्या वाटेविरुद्ध त्यांनी कधी एक निवेदनही दिलेले नाही. पाच दिवसांचा भ्रूण माणूसच असेल तर प्रत्येक आयव्हीएफ केंद्रासमोर त्यांनी धरणे धरायला हवे होते. ते तर अशा बाळांच्या बारशाला जाऊन आशीर्वाद देतात! निसर्गाचेही तेच. फलित झालेली कितीतरी बीजे गर्भाशयात रुजतच नाहीत, बाईला पत्ताही न लागता निघून जातात. त्यांचे सुतक कोणत्या घरात पाळले जाते?

हा पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींचा गोळा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, वेदना नाही. चौदा दिवसांपर्यंत तो दुभंगून त्याची जुळी होऊ शकतात. मग पहिल्या दिवशी आलेला तो ‘एक’ जीव कोणाचा? शास्त्रांचा आधार घ्यावा, तर तीही एकमुखी नाहीत. चरकसंहिता गर्भधारणेबरोबर आत्मा येतो म्हणते, तर गर्भोपनिषद जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगते. पेणकरांना मात्र हे समजायला पोथी नको. आमच्या गणपतीच्या कारखान्यात कच्च्या शाडूच्या मूर्तीची सोंड मोडली, तर कारागीर ती भिजवून परत मळतो. देव मोडला म्हणून कोणी ऊर बडवत नाही, कारण प्राणप्रतिष्ठा व्हायची असते. पण त्या मातीला कोणी पायही लावत नाही. आदर ठेवणे आणि माणूस मानणे यांतला हा फरक आमच्याकडची पोरे जाणतात, व्याख्याते जाणत नाहीत.

ही ओरड जुनीच आहे. १९८६ साली केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाही ‘हे देवाच्या कामात ढवळाढवळ’ म्हणणारे होतेच. नेत्रदान केले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्माल, देहदान केले तर गती मिळणार नाही, हेही ऐकून झाले. हेच लोक दुसऱ्या व्यासपीठावर, गांधारीच्या मांसपिंडातून शंभर कौरव झाले हा मूलपेशींचाच प्रयोग, असे छाती फुगवून सांगतात. पूर्वजांनी केले तर विज्ञान आणि परळला केले तर पाप?

मग आमचे म्हणणे काय? उरलेला भ्रूण संशोधनाला देणे हे दान आहे, आणि दानाला साजेसे नियम त्याला हवेत. संमती घेणारा माणूस उपचार करणाऱ्या डॉक्टरपेक्षा वेगळा असावा. अडलेल्या जोडप्याकडून सही उकळता कामा नये. पैशाचा व्यवहार शून्य. चौदा दिवसांची मर्यादा आज मार्गदर्शक सूचनांत आहे, ती कायद्यात यावी. आणि रागच करायचा असेल तर सिद्ध न झालेले ‘स्टेम सेल उपचार’ लाखो रुपयांना विकणाऱ्या दवाखान्यांचा करावा. आयुर्विज्ञान परिषदेच्याच २०१७ च्या सूचनांनी मान्य रक्तविकार वगळता असे उपचार नोंदलेल्या चाचणीबाहेर करू नयेत असे बजावले आहे, तरी मतिमंद मुलांच्या आईबापांची लूट थांबलेली नाही. खऱ्या संशोधनाची चाल हळू असते. भ्रूणीय पेशींपासून बनवलेल्या मेंदूपेशी कंपवाताच्या १२ रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’मध्ये आले, ते मुख्यतः सुरक्षिततेपुरते आहेत, पण नेकीने मिळवलेले आहेत. अशा कामाला बंदीची नव्हे, देखरेखीची गरज आहे, आणि भ्रूणाचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्क त्या जोडप्याचा आहे, व्यासपीठावरच्या कोणाचाही नाही.