पाऊस लांबला की थंडी कडाक्याची? पेण-रोह्यातल्या खुणांमागचं तथ्य

‘यंदा पाऊस लांबला, म्हणजे थंडी कडाक्याची’ असे मेसेज फिरू लागतात. पेण-रोह्यात हा नुसता गप्पांचा विषय नाही. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला थंडी आणि दव लागतं. वाल फसला तर पोपटीचं मडकंही रिकामं.

मग खुणा किती खऱ्या?

दव: आकाश निरभ्र आणि वारा शांत असला की जमीन झपाट्याने थंड होऊन दव पडतं. ही त्या रात्रीची खूण, अख्ख्या हंगामाची नाही.

आंब्याचा मोहोर: तो थंडी पडल्यावर फुटतो. म्हणजे पडून गेलेल्या थंडीची पावती, पुढचा अंदाज नव्हे.

लांबलेला पाऊस: कोकणात गारठा आणतात उत्तरेकडचे कोरडे वारे. पाऊस उशिरा गेला म्हणून ते जोरात येतीलच असं नाही. ढग राहिले तर रात्री उलट उबदार होतात.

किनारपट्टीवर किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो. डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाजही विभाग देतो. दव बघून उद्याची सकाळ ओळखावी. हंगामासाठी मात्र हा अंदाजच बघावा.