अभिषेकाचे तेल आणि सत्तेचा जाब

दिनांक ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, २८ ऑक्टोबर रोजी, गाझातील भू-कारवाईचा विस्तार होत असताना पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी आपल्या राष्ट्राला अमालेकाचे स्मरण ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्राएलविरुद्ध जो अर्ज दाखल केला, त्यात या विधानाचा आधार घेण्यात आला. हा उल्लेख हमासच्या क्रौर्यापुरता होता, पॅलेस्टिनी जनतेच्या संहाराचे ते आवाहन नव्हते, असे पंतप्रधानांच्या कार्यालयाने स्पष्ट केले. जुन्या करारातील एक कथा अशा रीतीने आपल्या काळातील न्यायालयात जाऊन पोहोचली.

अमेरिकेतही अशीच भाषा ऐकू येते. मार्च २०१८ मध्ये नेतान्याहू यांनी वॉशिंग्टन येथे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव पर्शियाचा राजा कोरेश याच्या नावासोबत घेतले. २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना, देशाला पुन्हा थोर करण्यासाठीच देवाने आपले प्राण वाचविले, असे ट्रम्प यांनी स्वतः सांगितले.

प्रिय वाचकहो, या नेत्यांच्या राजकारणाविषयी आपली मते भिन्न असू शकतील. तथापि त्यांच्या तोंडी असलेली भाषा आपल्या पवित्र शास्त्राची आहे. म्हणूनच एक प्रश्न विचारणे आपले कर्तव्य ठरते : ‘या राज्यकर्त्याला देवाने निवडले आहे’ असे पवित्र शास्त्रात कोण म्हणतो आणि त्यानंतर काय घडते?

इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी शमुवेलाकडे राजा मागितला, तेव्हा संदेष्ट्याने त्यांना प्रथम इशारा दिला. राजा तुमची मुले रथांपुढे धावण्यास नेईल, मुलींना स्वयंपाकघरात राबवील, उत्तम शेते काढून घेईल आणि उत्पन्नाचा दशमांश वसूल करील, असे त्याने बजाविले. लोकांनी ऐकले नाही. मग शौलाच्या मस्तकावर तेल ओतले गेले. म्हणजे इस्राएलचे राजपद जन्माला आले तेच मुळी सावधगिरीच्या इशाऱ्यासह. अनुवादाच्या पुस्तकातील नियमही याच धाटणीचा आहे. राजाने घोडे, स्त्रिया व सोने-रुपे यांचा संचय करू नये, नियमशास्त्राची प्रत जवळ बाळगून ती आयुष्यभर वाचावी आणि आपल्या बांधवांपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू नये.

शौलाचे राज्य गेले ते नेमके अमालेकाच्या युद्धामुळे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय सर्वांनी पूर्ण वाचावा. तो वाचताना आपण अडखळतो, कारण तेथे संपूर्ण संहाराची आज्ञा आहे. हे अवघडपण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सोळावे पोप बेनेडिक्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘वेर्बुम दोमिनी’ या पत्रात अशा अंधाऱ्या वाटणाऱ्या उताऱ्यांचा उल्लेख आहे. ते त्या काळाच्या संदर्भात आणि प्रभू येशूच्या प्रकाशात वाचावेत, असे मार्गदर्शन त्यात केले आहे. यहुदी परंपरेतही याविषयी दीर्घ चिंतन झालेले आहे. अश्शूरच्या राजाने सर्व राष्ट्रांची सरमिसळ करून टाकली, असे मत मिश्नामध्ये आढळते. त्याच्या आधारे, आज कोणत्याही जमातीला अमालेक ठरविता येत नाही, असे पुढील काळातील काही रब्बींनी प्रतिपादन केले.

त्या अध्यायात शौलावर कोणता दोषारोप होतो तेही पाहावे. विजयानंतर त्याने कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारले. लुटीतील उत्तम मेंढरे व गुरे राखून ठेवली आणि ती देवाला अर्पण करण्यासाठीच आहेत, असे कारण पुढे केले. लोकांच्या भीतीने आपण हे केले, ही कबुली त्याने शेवटी दिली. स्वार्थावर उपासनेचे पांघरूण घालणारा हा राजा होता. निघालेल्या शमुवेलाचा झगा त्याने धरला, तो फाटला आणि तसेच तुझे राज्य तुझ्यापासून फाडून घेतले आहे, असे त्याला ऐकावे लागले.

यानंतर बेथलेहेमात इशायाच्या सात मुलांना डावलून मेंढरे राखणाऱ्या धाकट्या दावीदाला अभिषेक झाला. परंतु अभिषेक झाला म्हणून दावीदाने सिंहासन बळकावले नाही. शौल दोनदा त्याच्या हाती सापडला, एकदा एन-गेदीच्या गुहेत आणि एकदा रात्रीच्या छावणीत. दोन्ही वेळा दावीदाने त्याला जिवंत सोडले. पुढे हाच दावीद सत्तेवर असताना बथशेबेसाठी उरीयाचा घात करतो, तेव्हा नाथान राजवाड्यात जाऊन त्याला त्याचा गुन्हा दाखवितो. दावीदाच्या घराण्याला चिरस्थायी राज्याचे वचन देणारा संदेष्टाही हाच नाथान होता. शौलाच्या बाबतीत तसेच घडले. निवड जाहीर करणारा शमुवेल आणि जाब विचारणारा शमुवेल एकच होता.

पवित्र शास्त्रातील राजनिवडीचे मर्म येथे आहे. देवाने निवडलेला राजा अधिक सुरक्षित होत नाही, तो अधिक उत्तरदायी होतो. उत्तरेकडील राज्यात सुमारे २०० वर्षांत १९ राजे झाले. त्यांच्यापैकी येहूला अलीशाच्या आज्ञेवरून अभिषेक झाला आणि अहाबाचे घराणे नष्ट केल्याबद्दल राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याची प्रशंसाही आहे. परंतु होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आरंभीच, इज्रेलच्या त्याच रक्तपाताबद्दल येहूच्या घराण्याला शासन होईल, असे घोषित केले आहे. निवड झाली म्हणून हातावरचे रक्त धुतले जात नाही.

कोरेशाचे उदाहरणही उलटून पाहावे. त्याने इ. स. पूर्व ५३९ मध्ये बाबेल जिंकले. यशयाच्या पुस्तकात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. मात्र तो देवाला ओळखत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडलेल्या आणि सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या मातीच्या लेखात याच कोरेशाला मर्दुक देवतेने निवडले, असे म्हटले आहे. विजेत्याला दैवी निवडीचे प्रशस्तिपत्र देणारे कोठेही भेटतात. संदेष्ट्याच्या दृष्टीने कोरेशाचे महत्त्व त्याच्या व्यक्तिमत्त्वात नव्हते, तर बंदिवान माणसे आपल्या घरी परतली यात होते. आज कोणाला कोरेश म्हणायचे असेल, तर त्याच्या राजवटीत कोण मुक्त झाले आणि कोण बेघर झाले, हे मोजावे लागेल.

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी ख्रिस्त राजाच्या सणाला पहिले वाचन हेब्रोन येथील दावीदाच्या अभिषेकाचे होते आणि शुभवर्तमान कालवारीवरील क्रुसाचे. पोप अकरावे पायस यांनी हा सण १९२५ साली सुरू केला, तेव्हा इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. ज्याचे सिंहासन क्रूस आहे त्याच्यापुढे प्रत्येक सत्ता तपासली जाते, हे ख्रिस्तसभा या सणाने दरवर्षी सांगते.

मिस्साबलिदानात आपण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो. ती अवश्य करावी. मात्र राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीवर देवाची मोहोर उमटविणे नव्हे. शौलाचा निकाल कळला, त्या रात्री शमुवेल झोपला नाही. तो रात्रभर देवाचा धावा करीत राहिला. सकाळी उठून मात्र तो शौलाला भेटला आणि सत्य सांगितले. राज्यकर्त्यासाठी रात्री प्रार्थना आणि सकाळी सत्य, ही दोन्ही कर्तव्ये आपल्याही वाट्याला आली आहेत.