फाशी नको, आधी एसटीचं भाडं मागा

२०२५ साली पुणे जिल्ह्यातली शिरूर आणि दौंड ही दोन नावं राज्यभर पोचली, ती नको त्या कारणानं. २५ फेब्रुवारीला पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. आरोपी सापडला तो शिरूर तालुक्यातल्या गुनाटमध्ये. ड्रोन, श्वानपथक आणि बॅटऱ्या घेऊन पोलिसांबरोबर ऊस धुंडाळणारे गावकरी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. पुढे ३० जूनला, वारीच्या दिवसांत, पंढरपूरला निघालेल्या लोकांची गाडी पहाटे दौंड तालुक्यातल्या स्वामी चिंचोलीजवळ चहाला थांबली. धाक दाखवून दागिने लुटले गेले आणि सोबतच्या अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला.

अशा घटनेनंतर तहसील कचेरीत जे निवेदन जातं त्याचा मजकूर आता कुणालाही पाठ असेल. खटला फास्ट ट्रॅकवर चालवा, आरोपीला फाशी द्या, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. कारकून आवकचा शिक्का मारतो, फोटो निघतो, माणसं चहाला जातात. यातल्या कुणाच्या तळमळीवर मला शंका घ्यायची नाही. माझं भांडण मागणीशी आहे.

फाशीनं जरब बसते म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातलं पाहा. २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीचा गहुंजेजवळ बलात्कार करून खून झाला. फाशीची शिक्षा झाली, २०१५ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली. आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, कारण अंमलबजावणीचे कागद वेळेत हललेच नाहीत. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणातली फाशी नोव्हेंबर २०२१ मध्ये जन्मठेपेवर आली. त्यानंतर महिनाभरात विधिमंडळानं फाशीची तरतूद असलेलं विधेयक मंजूर केलं आणि त्याचं नाव ‘शक्ती’! तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील. त्यांच्या आंबेगाव मतदारसंघात शिरूरचीही गावं येतात, म्हणून इकडे कौतुक जरा जास्तच झालं. त्या विधेयकात खोट्या तक्रारीबद्दल तुरुंगही होता. म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईलाच आधी धाक. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, आणि मला त्याचं दुःख नाही.

दुसरी गोष्ट निवेदनवाले बोलत नाहीत. गुनाटच्या उसात लपणारा अनोळखी माणूस हा अपवाद असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षं तेच सांगतात: दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी तिच्या ओळखीचा असतो. चुलता, शेजारी, मुकादम, लग्नाचं वचन दिलेला. अशा माणसाच्या गळ्यात फास पडणार म्हटल्यावर घरचेच तिला सांगतील, गप्प बस. कायदा सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीनं २०१३ मध्ये बलात्काराला फाशीची शिफारस केली नाही, ते काही मऊपणा म्हणून नव्हे.

आता उलट बाजूचे शहाणे. ते म्हणतात, कायदे पुष्कळ झाले, मानसिकता बदला. ऐकायला बरं वाटतं. पण कायदा का बदलावा लागतो ते पाहा. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. तिचं नाव अजून कायद्याच्या वर्गात प्रकरणाचं नाव म्हणून घेतलं जातं. मी ते इथं लिहीत नाही. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती होती, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात वसुधा धागमवार होत्या. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात ‘माझी संमती नव्हती’ असं ती म्हणाली तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं; तिची ओळख छापणं हा गुन्हा. २०१३ मध्ये आणखी भर पडली: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही.

हे जुनं उगाच उगाळत नाही. स्वारगेटच्या घटनेनंतर गृहराज्यमंत्री योगेश कदम झटापट झाली नाही, म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही, अशा अर्थाचं बोलले. नंतर खुलासा आला तो आला. मंत्र्यांची मानसिकता बदलेल तेव्हा बदलेल. तोवर न्यायालयात त्या बोलण्याला उत्तर म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ आहे, आणि ते कुणीतरी भांडून लिहून घेतलेलं आहे.

मग मागायचं काय? समजा केडगावच्या गुऱ्हाळावर किंवा रांजणगावात ठेकेदाराकडे रोजावर असलेली बाई तक्रार करते. खटला सत्र न्यायालयात चालणार. तारखेच्या दिवशी रोज बुडतो. एकटीनं जायची छाती नाही, म्हणून आईचाही बुडतो. दोघींचं एसटीचं भाडं, दुपारचा वडापाव, आणि चार वाजता कळतं की पुढची तारीख पडली. अशा पाच-सात तारखा झाल्या की ठेकेदाराचा माणूस मिटवून घ्यायला येतो. खटला तिथं हरतो, निकाल नंतर लागतो.

याला उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे, फक्त सगळ्यांसाठी नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांतला ११ वा नियम काढून वाचा. पीडितेला आणि साक्षीदारांना जाण्यायेण्याचं भाडं, किमान शेतमजुरीइतका दैनिक भत्ता, आणि बाई असेल तर तिच्या पसंतीच्या सोबत्याचाही खर्च. कोपर्डीच्या बलात्कार-खून प्रकरणानंतर मराठा मोर्चांत याच कायद्यात बदल मागितला जात होता. मी म्हणतो, त्यातला हा नियम उचला आणि जात न विचारता प्रत्येक पीडितेला लावा. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांना खटलाभर सोबत करणारा सपोर्ट पर्सन मिळतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलीला का नाही? आणि १० लाखांपर्यंत मदत देणारी मनोधैर्य योजना शासन निर्णयावर उभी आहे, ती कायद्यात आणा, पैसे किती दिवसांत द्यायचे ते त्यात लिहा. भाड्याभत्त्याला तर दिल्लीची संमती नको. पैसा राज्याचा, नियम राज्याचे.

एवढं एका पानावर टाईप करून मी ओळखीच्या कार्यकर्त्याला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. “यात फाशी कुठंय?” नाही म्हटलं. “मग पेपरात यायचं नाही हे.” तरी त्यानं खिशातून पेन काढलं, सही केली, आणि भाड्याच्या ओळीपुढं स्वतःच्या अक्षरात घातलं: ‘कोर्ट उशिरा सुटल्यास रिक्षाचेही. गावात शेवटची गाडी लवकर जाते.’