काचपट्टीवरचे संशोधन आणि क्ष-किरणांची तजवीज

ज्या कराड तालुक्यातील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली, तेथील विज्ञानाच्या अध्यापकाने वर्गात शिकवावे आणि संशोधन मात्र मुंबई-बंगळूरवर सोपवावे, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अर्धवाहकांचे पातळ थर द्रावणातून काचेवर बसविण्याची जी परंपरा रुजली, तिला निर्वात यंत्रांचा बडेजाव लागत नाही. चंचुपात्रात कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचे द्रावण घेऊन त्यात स्वच्छ धुतलेली काचपट्टी उभी धरावी व पात्र ऊन पाण्यात ठेवावे, म्हणजे नितळ द्रावण हळूहळू पिवळे होते आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा थर चढतो. पुढे गंधकाच्या जागी उत्तरोत्तर अधिक सेलेनियम आणावे, तसतसा थर नारिंगी, तांबडा व अखेर काळपट उतरतो, कारण या मिश्रस्फटिकातील ऊर्जा-अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून १.७ पर्यंत घसरत जाते आणि त्याबरोबर तो अधिकाधिक प्रकाश शोषू लागतो. सौरघटासाठी नेमका हवा तो प्रकाश निवडण्याचे हे सामर्थ्य किती मोलाचे, हे सांगायला नकोच.

परंतु रंग सगळेच सांगत नाही. रस एकच असूनही गुळाची जात जशी गुळव्याच्या आचेवर ठरते, तशी त्याच घटकांची स्फटिकरचना घनाकृती राहते की षट्कोनी होते, हे तापमानावरही अवलंबून असते. द्रावणातून मिळालेला घनाकृती थर भट्टीत तापविला असता षट्कोनी रूप घेऊ शकतो, त्याचे कण वाढतात, आणि त्याची विद्युत्‌वाहकता व ऊर्जा-अंतर दोन्ही पालटतात. हे स्थित्यंतर खात्रीने ओळखायचे, तर क्ष-किरणांचे विवर्तन पाहावे लागते, आणि तेथेच लहान महाविद्यालयाचा हात आखडतो.

असे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने घ्यावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र विद्यापीठाच्या यंत्रांवरील ठरावीक तास संलग्न महाविद्यालयांच्या अध्यापकांना मेहरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावेत, आणि सातारा-सांगलीकरिता एक सामायिक प्रयोगशाळा, जेथे १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे त्या कराडातच उभी राहावी, असे माझे आग्रहाचे मागणे आहे. कॅडमियम विषारी असल्याने वापरलेली द्रावणे कृष्णा-कोयनेच्या पाण्यात न जाता रीतसर गोळा होतील, याची तरतूदही त्याच मंजुरीत असली पाहिजे. तिच्यावाचून ही योजना मंजूर करू नये.